ओले माप, सुके माप

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने माझ्या टेबलाच्या खणातून एक पितळी पट्टी काढली आणि पुस्तकांच्या कोनाड्याचे माप घेतले. ते माप तिने सुताराला सांगितले. सुताराने फळी आणून बसवली, तेव्हा एका बाजूला पेन्सिल आडवी मावेल एवढी फट राहिली. सुतार आपली पट्टी दाखवू लागला, भाची हातातली पितळी पट्टी. शेवटी तिने दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्या, ही पट्टी खोटी आहे. फेकून दे."

फेकून देण्याची ती वस्तू नव्हे, एवढेच मी म्हणाले. सुतारासमोर अधिक बोलण्यात अर्थ नव्हता.

भाची एका मोठ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. संगणकावर रेखाटलेले चित्र दुसऱ्या गावच्या यंत्राला जसेच्या तसे कळावे, यासाठी त्यात काय लिहायचे, कोणत्या क्रमाने लिहायचे आणि काय गृहीत धरायचे नाही, याचे नियम बांधणाऱ्या समितीत ती बसते. संध्याकाळी घरी आली की पायातल्या चपला काढण्याआधी तिचे गाऱ्हाणे सुरू होते. "पाठवणारा म्हणतो, मी बरोबर पाठवलं. घेणारा म्हणतो, मी बरोबर वाचलं. आणि यंत्र तिसरंच काहीतरी कापून ठेवतं!" ते ऐकताना मला दरवेळी पनवेलची एक गच्ची आठवते. तिथे चुरचुरणारे ऊन, पाण्याचे एक मोठे घंगाळ आणि दोरीवर वाळणारे निळे कागद असत. या दिवाळीला काही लिहा, असा संपादकांचा आग्रह झाला तेव्हा त्या गच्चीबद्दलच लिहावे असे ठरवले.

साठीच्या दशकात पनवेलच्या एका कारखान्यात मी ट्रेसर होते. कारखाना पंप बनवी. खाडीकाठच्या खारजमिनीतले पाणी उपसणारे, मिठागरांना लागणारे, विहिरींवर बसणारे. ट्रेसर म्हणजे काय, हे आता सांगावे लागेल, कारण तो धंदाच उरलेला नाही. आमचे मुख्य ड्राफ्ट्समन वैशंपायनसाहेब पेन्सिलीने पंपाचे चित्र काढीत. त्यावर मी खळ दिलेले, अर्धपारदर्शक, निळसर झाक असलेले कापड ताणून बसवी आणि काळ्या शाईने प्रत्येक रेघ, प्रत्येक आकडा त्यावर उतरवी. खाडीवरून दमट वारा आला की हाताला घाम फुटे, आणि घामाचा एक थेंब पडला की कापडावर पांढरा डाग उमटे, कायमचा. म्हणून मी मनगटाखाली टीपकागद ठेवून, श्वाससुद्धा बेताने घेत काम करी. कापडावर आधी खडूची भुकटी चोळायची, मग शाई धरते. त्या खळीचा, खडूचा आणि शाईचा मिळून जो एक वास होता, तो मला आजही झोपेत ओळखता येईल.

माझे वडील संस्कृतचे शिक्षक होते. वृत्ते त्यांनी मला पाठ करवली नाहीत, अंगात भिनवली. मंदाक्रांतेत चौथ्या अक्षरावर थांबायचे, हा यति, मग पुढे जायचे. थांबला नाहीत तर ओळ चुकत नाही, मोडते. त्या शिकवणीमुळे असेल, पण कारखान्यातल्या चित्रांकडे मी प्रथमपासून कवितेसारखी पाहत आले. जाड रेघ म्हणजे गुरू, बारीक म्हणजे लघू. आकडा कोठे ठेवला म्हणजे नजर तेथे क्षणभर विसावेल, मोकळी जागा किती सोडली म्हणजे चित्र बोलू लागेल, याचा मी फार विचार करी. साहेब कौतुकाने म्हणत, "कुमुदबाई, तुमचं चित्र भिंतीवर लावावं की शॉपमध्ये कारागिरांकडे पाठवावं, हा प्रश्न पडतो." हे कौतुक मला पुढे महागात पडले.

कापडावरचे चित्र तयार झाले की गच्चीवर काचेच्या चौकटीत ते रसायन लावलेल्या कागदावर ठेवायचे, उन्हात तापवायचे आणि कागद घंगाळातल्या पाण्यात बुडवायचा. पाण्याखाली हळूहळू निळाई गडद होत जाई आणि तिच्यातून माझ्या रेघा पांढऱ्याशुभ्र होऊन वर येत. कितीही वेळा पाहिले तरी त्या क्षणाला मन हरखून जाई. ही निळी प्रत मग धर्मा मिस्त्रींकडे जायची.

धर्मा मिस्त्री करंज्याचे. पाच पिढ्या होड्या बांधणाऱ्या घरातले. समुद्राचा नाद सोडून ते आमच्याकडे पॅटर्न बनवायला आले होते. पॅटर्न म्हणजे सागवानात कोरलेला पंपाचा हुबेहूब आकार. तो वाळूत दाबून साचा पाडायचा आणि त्या साच्यात उस्मानचाचा आपल्या फौंड्रीत लोखंड ओतायचे. मी नवी असताना मिस्त्रींच्या पॅटर्नला साधी पट्टी लावून पाहिली, तर तो माझ्या चित्रापेक्षा थोडा मोठा भरला. मी घाबरत तसे सांगितले. ते रंधा बाजूला ठेवून हसले.

"बाय, लोखंड निवताना अंग चोरतंय. शंभराचं नव्याण्णव होतंय. म्हनून आमी आधीच शंभराला एक वाढवून घेतो." आणि त्यांनी कमरेला खोचलेली पट्टी काढून दाखवली. तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर लांब होता. "ही पट्टी खोटं बोलते, म्हनून माल खरा निगतो."

त्या एका वाक्यात मला त्या धंद्याचे सौंदर्य उमगले.

मिस्त्रींच्या शहाणपणाची आणखी एक आठवण आधी सांगायला हवी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. खाडीकाठच्या एका गावचे जोमानाना आमचे जुने गिऱ्हाईक. थोडी मिठागरे, थोडी खारातली भातशेती. एकदा त्यांच्या बांधावरच्या उघाडीच्या, म्हणजे खाडीचे पाणी अडवण्या-सोडण्याच्या झडपेच्या, दाराचा दांडा मोडला. नव्या दांड्याचे माप म्हणून ते तीन गाठी मारलेली सुंभाची दोरी घेऊन थेट आमच्या गच्चीवर आले.

"ही पयली गाठ ते दुसरी, दांडा. दुसरी ते तिसरी, चाक. घ्या लिवून," नाना म्हणाले.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "नाना, अहो पट्टी नाही का गावात?"

"पट्टी हाय. पन ती पान्यात बुडाली ना, दांड्यासकट!"

आम्ही सगळे हसलो. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी दोरी तळहातावर तोलली, नाकाशी नेली आणि विचारले, "नाना, ही ओली असताना मोजली का सुकल्यावर?"

"ओली. कमरेएवढ्या पान्यात उभा व्हतो मी."

मिस्त्रींनी ती दोरी माझ्या घंगाळात बुडवली, चांगली मुरू दिली, आणि मगच गाठीपासून गाठीपर्यंत माप घेतले. दांडा असा बसला की नानांनी आम्हाला टोपलीभर सुकट पाठवली. तिच्या वासाने ड्रॉइंग ऑफिस दोन दिवस घमघमत होते. मी त्या वेळी एवढेच समजले की सुंभाची दोरी वाळली की लांबी पालटते. माप सांगताना ते कोणत्या अवस्थेत घेतले हेही सांगावे लागते, ही गोष्ट मला कळायला पुढचे वर्ष उजाडावे लागले.

त्या वर्षी इंच जाऊन मिलिमीटर येत होते. सोळा इंचांचे चारशे सहा, बारांचे तीनशे पाच. मिस्त्रींनी आपल्या जुन्या पट्टीच्या पाठीवर वाढीव मिलिमीटरच्या रेघा कशाबशा कोरून घेतल्या होत्या. आयुष्यभर ओळखीचे असलेले गोल आकडे जाऊन त्यांच्या जागी परकी माणसे येऊन बसल्यासारखे वाटे. त्यातच नानांच्या आणि शेजारच्या गावांनी मिळून खारजमिनीसाठी सहा मोठे पंप सांगितले. मोठ्या उधाणाआधी ते बांधावर बसले नाहीत, तर खारे पाणी भाताच्या खाचरांत साचून राहणार होते. पंपाचे कवच दोन अर्ध्या भागांचे होते, शिंपल्यासारखे एकावर एक मिटणारे. वरचा अर्धा मिस्त्रींच्या पॅटर्नवरून उस्मानचाचा ओतणार होते. खालचा जड अर्धा त्यांच्या भट्टीला झेपेना, म्हणून तो घाटावरच्या एका फौंड्रीला दिला.

घाटावरून पत्र आले: "आमच्याकडे मिलिमीटरची वाढीव पट्टी अद्याप नाही. कृपया आकसण्याची वाढ चित्रातच धरून पाठवावे."

साहेबांनी मला बोलावले. "यांच्यासाठी मापं वाढवून द्या. आणि कोपऱ्यात तशी ठळक टीप घाला."

मी हो म्हटले. बेत सोपा होता. आधी मिस्त्रींसाठी मूळ चित्राची प्रत काढायची, मग त्याच कापडावर आकडे बदलून घाटावरची प्रत काढायची. नवे कापड मिळणे तेव्हा दुर्मीळ होते. पण नेमके तीन दिवस अवेळी आभाळ भरून राहिले. ऊन नाही, म्हणजे प्रत नाही. रिकामे बसवेना, म्हणून मी आकडे बदलायला घेतले. धारदार पात्याने जुना आकडा हलकेच खरवडायचा, नखाने कापड घोटायचे आणि वर नवा लिहायचा. चारशे सहाचे चारशे दहा झाले. या आकड्यांत वाढ आधीच धरली आहे, साधी पट्टी लावा, हे मिस्त्रींना मी तोंडी सांगणार होते.

राहता राहिली टीप. उजव्या कोपऱ्यात मी जी मोकळी जागा सोडली होती, ती त्या चित्राचा यति होती. तिथे चार शब्द कोंबले की सगळ्या चित्राचा तोल ढळत होता. मी पेन्सिलीने लिहून पाहिले, डोळे किलकिले करून दुरून पाहिले आणि पुसून टाकले. सोबतच्या पत्रात लिहू, असे स्वतःला सांगितले.

चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडले. तुंबलेल्या अकरा चित्रांच्या प्रती काढायची धांदल उडाली. त्यात पंपाच्या दोन प्रती एकाच कापडावरून निघाल्या आणि दोरीवर शेजारी शेजारी वाळल्या. एक टपालाने घाटावर गेली, पत्रासह. दुसरी शिपायाने मिस्त्रींच्या बाकावर नेऊन ठेवली. मी त्यांना सांगायचे विसरले. आकडे ओळखीचे असते तर मिस्त्रींनी ते जागीच पकडले असते. पण त्या वर्षी सगळेच आकडे अनोळखी होते.

दोन्ही अर्धे कारखान्यात आले, त्या दुपारी मी खिडकीतून पाहत होते. साखळीने वरचा अर्धा उचलला, खालच्यावर टेकवला. बोल्ट घातला, तो जाईना. दुसरा घातला, तोही जाईना. वरची भोके खालच्यांपेक्षा चार मिलिमीटर बाहेर होती. एकेक करून सहाही पंप पाहिले. सहाही तसेच.

मॅनेजरसाहेब आले. त्यांनी साधी पट्टी लावली, आधी वर, मग खाली. मग ते थंडपणे म्हणाले, "खालचा चारशे सहा. मूळ हिशेबाला बरोबर. वरचा चारशे दहा. मिस्त्री, वय झालं तुमचं. मिलिमीटर काही हातात बसत नाही."

"साहेब, कागदावर चारशे धाच लिवलंय. पॅटर्न बघा ना, पट्टी लावा माझी."

"तुमच्या पट्टीबद्दलच तर बोलतोय मी. शनिवारपासून नवा, शिकलेला माणूस येईल बाकावर. तुम्ही गोदामात लाकूड मोजायला बसा."

 मिस्त्रींनी कमरेची पट्टी काढली, बाकावर ठेवली आणि तिच्याकडे असे पाहिले, जसे घरातल्या माणसावर कोणी चोरीचा आळ घ्यावा आणि क्षणभर आपल्यालाही शंका यावी. उस्मानचाचा पुढे होऊन म्हणाले, "साहेब, जबान देतो. या माणसाच्या हाताला चार मिलिमीटरची चूक होणं नामुमकिन आहे." पण लोखंड समोर होते आणि बोल्ट जात नव्हता.

मला सगळे एका क्षणात कळले.  कारखान्यात मी एकटी स्त्री. माझ्या नेमणुकीच्या वेळी "बायकांना यातलं काय कळणार" असे हेच मॅनेजरसाहेब म्हणाले होते. खणातले ते कापड माझ्याशिवाय कोणी उघडणार नव्हते. मी शेवटपर्यंत गप्प राहू शकले असते. किती वेळ तशी उभी होते, हे मला सांगता येणार नाही. एवढे आठवते की शाईच्या बाटलीचे बूच मी नीट लावले आणि मग खण उघडला.

शॉपमध्ये जाऊन मी ते कापड दाराशी उन्हासमोर धरले. खरवडलेले कापड पातळ होते. प्रत्येक आकड्यामागे उजेडाचा एक लहानसा चौकोन चमकू लागला. एकवीस चौकोन होते.

"ही मापं मी वाढवलेली आहेत," मी म्हणाले. "घाटावरच्या लोकांसाठी. त्यांनी साधी पट्टी लावली, त्यांचं बरोबर आलं. मिस्त्रींनी आपली वाढीव पट्टी लावली, म्हणून वाढीवर वाढ झाली. साहेबांनी टीप घालायला सांगितली होती. मी घातली नाही."

"का नाही घातली?" मॅनेजरसाहेबांनी विचारले.

"चित्र बिघडत होतं."

कोणी हसलेसुद्धा नाही. मिस्त्री जवळ आले. त्यांनी त्या उजेडाच्या चौकोनांवरून बोट फिरवले आणि अगदी हळू, रागाचा लवलेशही नसलेल्या आवाजात म्हणाले, "म्हंजे माप ओलं व्हतं, बाय? आन् तू सांगितलं नाय?"

मॅनेजर मला पुष्कळ बोलले. ते सर्व योग्यच होते. पण मिस्त्रींचा हा प्रश्न मी त्यानंतरच्या नोकरीत रोज ऐकला.

वैशंपायनसाहेबांनी दोष माझ्या एकटीवर ढकलला नाही. "चित्र माझ्या खात्यातून गेलं, तपासायचं काम माझं," एवढे बोलून ते मॅनेजरांसमोर उभे राहिले. मिस्त्रींचा बाक वाचला. उधाणाला अकरा दिवस होते. मिस्त्रींनी पॅटर्न उभा-आडवा चिरला, होडीच्या फळ्या सांधाव्यात तसा जादा भाग रंधून काढून पुन्हा सांधला.  उस्मानचाचांनी ते सहा चुकलेले अर्धे भट्टीत टाकले आणि मला मुद्दाम बोलावून दाखवले. "बघ बेटी. लोखंडाची ही खुबी. ते माफ करतं. पुन्हा पाणी होतं, पुन्हा आकार घेतं. माणसानं एवढं तरी शिकावं." नव्या अर्ध्यांतून बोल्ट आत गेला तेव्हा लोण्यातून सुरी जावी तसा गेला. पंप उधाणाच्या दोन दिवस आधी बांधावर बसले. नानांनी या खेपेला सुकट दोन टोपल्या पाठवली.

त्यानंतरच्या आठवड्यात साहेबांनी आम्हा सगळ्यांना गच्चीवर बसवले. मिस्त्री, उस्मानचाचा, लेथवरचे मास्तर आणि मी. एकच प्रश्न होता: कागद एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्यावर काय असलेच पाहिजे, आणि काय असता कामा नये? पहिल्या तासाला उघड झाले की अपराधी मी एकटी नव्हते. प्रत्येक जण मागच्याला सांभाळून घेण्यासाठी आपल्या पदरचे थोडे मिसळत होता. लेथवरचे मास्तर लोखंड तासून गुळगुळीत करायला जास्त मागत, म्हणून मिस्त्री न सांगता थोडे जास्त ठेवीत. मिस्त्री जास्त ठेवतात हे ठाऊक असल्यामुळे साहेब थोडे कमी लिहीत. इतकी वर्षे पंप बरोबर निघत होते, कारण ही माणसे एकमेकांना ओळखत होती. कागद अनोळखी माणसाकडे गेला आणि सगळे उघडे पडले.

"भरोसा माणसावर ठेवला तर बोलायची जरूर नसते," उस्मानचाचा म्हणाले. "पण कागदावर ठेवायचा तर कागदानं सगळं कबूल केलं पाहिजे."

ठरले ते असे, की चित्रात फक्त तयार वस्तूचे माप लिहायचे. वाढ ज्याची त्याने आपल्या हाताने धरायची, दुसऱ्याची धरायची नाही. आणि उजव्या कोपऱ्यात, माझ्या लाडक्या मोकळ्या जागेत, एक चौकट आखायची. तिच्यात एकक, बदल, बदल करणाऱ्याची सही, आणि पहिल्या ओळीत मिस्त्रींच्या आग्रहाने दोन शब्द: "माप सुके." पुढे आमची चित्रे दूरदूरच्या कारखान्यांत गेली. मोठमोठे इंजिनिअर पत्राने विचारत, हे सुके म्हणजे काय? वाढ न धरलेले, हे उत्तर लिहिण्याचे काम मी दुसऱ्या कोणाला कधी करू दिले नाही.

घाटावरची फौंड्री मात्र अडून बसली. आमच्याकडे पट्टी नाही, आम्हाला वाढ धरूनच द्या. साहेब वैतागले. मिस्त्री म्हणाले, "त्यांचं काय चुकलं? पट्टी नाय म्हनून ओलं माप मागतात. मंग पट्टीच दिऊ ना त्यांना!" एका पितळी पातीतून त्यांनी दोन पट्ट्या कापल्या. खऱ्या एकशे एक मिलिमीटरचे शंभर भाग पाडायचे होते. आकडेमोड मी केली, रेघा त्यांनी कोरल्या, भिंगातून पाहत, तीन दिवस. एक पट्टी एसटीने घाटावर गेली. दुसरी त्यांनी स्वतःच्या कमरेला खोचली.

त्या पट्टीसाठी मी एक पिशवी शिवली. खळीचे कापड गरम पाण्यात उकळले की खळ आणि शाई निघून जाते आणि आतून तलम, दुधासारखे मऊ सुती कापड हाती येते. आम्ही बाद झालेल्या कापडांचे रुमाल करीत असू. मी ते एकवीस चौकोनांचे कापड उकळले. पंप विरघळला, आकडे विरघळले. खरवडलेल्या जागा तेवढ्या बोटांना लागत राहिल्या. पिशवीच्या उजव्या कोपऱ्यात मी निळ्या दोऱ्याने चार शब्द भरले.

मिस्त्रींना आकडे वाचता येत, अक्षरे नीट येत नसत. त्यांनी पिशवी लांब धरून विचारले, "काय लिवलंय, बाय?"

मी वाचून दाखवले, "यात वाढ धरलेली आहे."

ते मोठ्याने हसले. "आता लिवलं! कापड धुवून झाल्यावर!"

निवृत्त होताना ती पट्टी पिशवीसकट त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि ते करंज्याला निघून गेले.

सुतार गेल्यावर मी भाचीला खण पुन्हा उघडायला लावला. पट्टी तिने नेली होती, पिशवी आतच पडून राहिली होती. तिने ती बाहेर काढली, कोपऱ्यातली निळी अक्षरे वाचली, मग कोनाड्यातल्या फटीकडे पाहिले.  

दुसऱ्या दिवशी तिच्या समितीची बैठक होती. निघताना तिने माझ्याकडे पिशवी मागितली. पट्टी नको म्हणाली, पिशवी तेवढी घेऊन गेली.